फोटो आपला, कुलूप कंपनीचं

कॅमेरा तुम्ही घेतलात, लेन्स तुम्ही घेतलीत, पहाटे उठून फोटो तुम्ही काढलात. पण त्या फोटोची मूळ रॉ फाइल कशी वाचायची, हे ठरवणार कॅमेरा कंपनी. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. प्रत्येकाची चूल वेगळी, आणि फाइलची पूर्ण रचना कोणी जाहीर करत नाही.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. ॲडोबीचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं लाइटरूम. त्याचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७मध्ये आलं. २०१८मध्ये कॅननने एम५० या कॅमेऱ्यासोबत सीआर३ आणली. झालं! लाइटरूम ६ला ती उघडता येईना. सॉफ्टवेअर रोख मोजून घेतलेलं, कॅमेराही रोख मोजून घेतलेला, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

यावर उतारा आहे. ॲडोबीने २००४मध्ये डीएनजी हा रॉ प्रकार आणला आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली केली. त्यांचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. फोल्डर दाखवा, बटण दाबा, सीआर३च्या डीएनजी तयार. लाइटरूम ६ त्या बिनतक्रार उघडतं. सेन्सरने टिपलेली माहिती डीएनजीत शाबूत राहते, हे महत्त्वाचं.

कारण बरेच जण ‘कन्व्हर्ट’ म्हणजे जेपेग एवढंच धरून चालतात, आणि जेपेग झाली की मूळ फाइल पुसून हार्ड डिस्क मोकळी करतात. हे थांबायला हवं. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. लग्नात व्हिडिओवाल्याच्या लाइटखाली नवरीच्या शालूचा काठ पांढराफटक पडतो. रॉ फाइलमध्ये एक्स्पोजर जरा खाली ओढलं की बहुतेकदा त्या पांढऱ्यातून जरीची वीण वर येते, बुट्टे दिसू लागतात. जेपेगमध्ये तेच केलं तर पांढऱ्याचा राखाडी होतो, जर काही येत नाही. जेपेग अल्बमला द्या, व्हॉट्सॲपला द्या. जपायची ती रॉच.

‘आमचा सेन्सर वेगळा, म्हणून फाइल वेगळी’ ही कंपन्यांची सबब मला पटत नाही. लायका डीएनजी देते, पेंटॅक्समध्ये तो पर्याय असतो. अँड्रॉइडने २०१४पासून डीएनजीची सोय दिली, आयफोनची प्रोरॉ फाइलही डीएनजीच. खिशातल्या फोनला जे जमतं, ते लाखाच्या कॅमेऱ्याला का जमू नये? मुद्दा इच्छेचा आहे. निकॉनने २००५मध्ये डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमधली व्हाइट बॅलन्सची नोंद चक्क सांकेतिक करून टाकली होती. फोटोशॉप घडवणाऱ्या थॉमस नोल यांनी तेव्हा उघड आक्षेप घेतला. दुसरीकडे डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने १९९७पासून ‘डीसीरॉ’ लिहीत एकेका कॅमेऱ्याची फाइल उलगडली आणि ती किल्ली जगाला फुकट दिली. आज कितीतरी मोफत सॉफ्टवेअर त्याच कामावर उभी आहेत. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी जे आपणहून द्यायला हवं होतं, ते एका माणसाला शोधून काढावं लागलं, ही त्या धंद्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. डीएनजी केली म्हणून मूळ फाइल लगेच उडवू नका. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही, आणि कंपनीच्या काही खास नोंदी त्यांच्याच सॉफ्टवेअरला नीट वाचता येतात. जागा असेल तर दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या डिस्कवर.

आणि पुढचा कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा मेगापिक्सेलच्या आधी एक प्रश्न विचारा: हा डीएनजी देतो का? दुकानदाराला विचारा, कंपनीच्या माणसाला विचारा, मेल करून विचारा. गिऱ्हाईक विचारत नाही, तोवर कंपनी कुलूप काढणार नाही.