बैठ्या इमारतीचा जिना

वसतिगृहातला मुलगा जिन्यावरून पडला. असं अधीक्षकांनी सांगितलं, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, शाळेने हजेरीपटावर शेरा मारला आणि बालदिनाच्या पाहुण्यांनी ‘अरेरे’ म्हणून पुढच्या मुलाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. इमारत बैठी आहे. कौलारू. जिना नाही.

जिना नाही तर पोरं पडतात कुठून, हा प्रश्न पडायला काही फार अक्कल लागत नाही. तो पडू नये म्हणून मात्र अख्खं गाव राबलं आहे.

डॉक्टरांनी एकाच हाताला तिसऱ्यांदा प्लास्टर घातलं आणि ‘जरा जपून रे’ असं त्या हातालाच बजावलं. बाईंच्या लक्षात आलं होतं की हा पोरगा बाकावर बसताना कण्हतो. त्यांनी त्याला उभं राहायची सवलत दिली. मागच्या घरातल्या काकू रात्री रडण्याचा आवाज आला की मालिकेचा आवाज वाढवत. तपासणीला आलेल्या साहेबांनी कांदेपोहे खाल्ले, ‘इमारत सुस्थितीत’ असा शेरा लिहिला आणि तो खराच होता. हळूहळू जिन्याला रूप येत गेलं. कुणी म्हणे पायऱ्या फार उंच आहेत, कुणी म्हणे पावसाळ्यात शेवाळ धरतं. वार्षिक सभेत जिन्याच्या दुरुस्तीचा खर्च मांडला गेला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूरही झाला. एका दानशूराने वडिलांच्या स्मरणार्थ कठडा दिला. संगमरवरी पाटी लावायला जिना सापडेना, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारावर ठोकली. तिच्यासमोर उभं राहून मान्यवरांनी फोटो काढले. एकालाही मान वर करून माडी कुठे आहे ते बघावंसं वाटलं नाही.

माझा खास राग मात्र वाढदिवसवाल्यांवर आहे. हे लोक अकराला येणार म्हणून पोरांना साडेनवापासून रांगेत मांडी घालून बसवतात. मग केक, कागदी टोप्या, केळी, आणि निघताना अभिप्राय वहीत ठरलेलं वाक्य: ‘मुले अतिशय शिस्तप्रिय वाटली.’ वर तिथल्या तिथे कौतुक, ‘नाहीतर आमचा बंड्या! पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ.’ अहो, बंड्या बसत नाही, कारण नाही बसलं तर काय होतं हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. चाळीस पोरं समोर केक असताना हूं की चूं करत नाहीत, ही शिस्त दिसते तुम्हाला? आणि प्लास्टरचा हात फोटोत येऊ नये म्हणून त्या पोराला मागे सरकवलं कुणी? अधीक्षकांनी नव्हे. तुमच्याच मेव्हण्याने.

कायदा म्हणाल तर आहे. संस्थेतल्याच माणसाने मुलाचा छळ केला तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. लैंगिक अत्याचाराबाबत 2012 चा पोक्सो आणखी पुढे जातो: गुन्हा माहीत असेल, किंवा घडेल अशी धास्ती जरी असेल, तरी कळवणं कुणावरही बंधनकारक. गप्प बसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाताखालच्या माणसाचं लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फुकट लागतो. त्याचा फलक वसतिगृहातही आहे. अधीक्षकांच्या खोलीत, अधीक्षकांच्या खुर्चीमागे, तिथल्या एकुलत्या एका फोनच्या बरोब्बर वर.

पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नसलेल्या जिन्याच्या पायऱ्या बिनबोभाट मोजणाऱ्या गावाला ही खरी पायरी तेवढी जड जाते.

शेवटी एक पोरगा पळाला, दुसऱ्या जिल्ह्यात कुणाला तरी सापडला, तिथे बोलला. संस्थेला टाळं लागलं. संध्याकाळी चौकात मेणबत्त्या लागल्या. डॉक्टर आले, बाई आल्या, काकू मालिका सोडून आल्या. ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ आणि ‘आम्हाला आधीपासून वाटतच होतं’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघत होती. रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही हात जोडलेल्या चित्रांच्या खाली पहिला कामाचा निरोप आला: ‘पंधरा तारखेला चिरंजीवांचा वाढदिवस. केकची ऑर्डर गेली आहे. आता कुठे करावा?’

उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘नदीपलीकडे आहे ना एक. मुलं फार शिस्तीची आहेत.’