न ऐकू येणाऱ्या गुणाची किंमत

ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमधले पारदर्शक प्लगिन गाणे सुधारते, स्वतः मात्र ऐकू येत नाही. पैसे या न ऐकू येण्याचेच मोजायचे. पारख सोपी: महागड्या आणि सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेल्या इक्वलायझरचे वक्र तंतोतंत जुळवावेत, एकच ट्रॅक दोन्हींतून काढावा आणि एका प्रतीची ध्रुवता उलटवून दोन्ही प्रती मिसळाव्यात. उरेल तो फरक, बहुधा नगण्यच. आवाजाची शिखरे कापणाऱ्या लिमिटरचे तसे नाही. दोन-तीन डेसिबलपर्यंत सगळेच सज्जन. दहा कापायला लावले की ढोलाची थाप चपटी होते, तिथे निवड कामाची. यवतमाळ जिल्ह्यात मात्र बंजारा वा गोंडी गाण्याचा निकाल लागतो दुर्गोत्सवाच्या मिरवणुकीत, डीजेच्या भिंतीसमोर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा दिलेले ५५ डेसिबल आणि स्टुडिओत राखलेला नितळपणा, दोन्ही तिथे एकदमच पारदर्शक होतात. जिल्हा कापसाचा, म्हणून कानांसाठी बोळे तेवढे मुबलक.