आठ पाऊण सहा

पुण्यातल्या ऑफिसात मालवणकडचा एखादा माणूस असला, की त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. मे महिन्यात आंबे आणि बारा महिने समुद्राविषयी अधिकारवाणी. आंब्यांचं मी कसंबसं निभावतो (हापूस देवगडचा, पेटी मार्केट यार्डातली). समुद्राचं नुसत्या बोलण्यावर भागत आलं होतं, ते गेल्या डिसेंबरपर्यंत.

एचआरच्या मॅडमनी 'टीम बिल्डिंग'साठी सूचना मागवल्या. आदल्या वर्षी लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये डोळ्यांना पट्ट्या बांधून आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो होतो. वरच्यांनी पडायचं, खालच्यांनी झेलायचं. म्हणजे रोजचंच, फक्त पट्टी नवीन. तेव्हा मी म्हणून गेलो, "देवबागला जाऊ. समुद्रात पॅडलबोर्डिंग करू." दोन वर्षांपूर्वी गोव्यात मी ते तासभर केलं होतं. त्यातली चाळीस मिनिटं मी पाण्यात होतो. बोर्डवर नव्हे, पाण्यात. हा तपशील मीटिंगमध्ये कुणी विचारला नाही आणि मी आपणहून सांगितला नाही.

पॅडलबोर्ड म्हणजे साडेदहा फूट लांब, पावणेदोन हात रुंद फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि आपल्याहून वीतभर उंच वल्ह्याने ती हाकायची. हवाई बेटांवर वायकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे लोक असे उभे राहत, म्हणजे शिकाऊ गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवता येई, त्यांचे फोटोही काढता येत. थोडक्यात, हा मूळचा मुकादमाचा पवित्रा. आमच्या सरांना कल्पना तात्काळ का पटली, ते मला हे वाचल्यावर कळलं.

गावी फोन केला. आई म्हणाली, "होडी आसताना फळयेर कशाक उभो रवतलंस?" मी म्हटलं, व्यायाम होतो. फोन मामाकडे गेला. मामाचा जन्म मासेमारीत गेला आहे. तो म्हणाला, "आम्ही फळयेर कधी रवतो, ठावक आसा? होडी फुटली काय!"

बसमध्ये मी वाऱ्यापाण्याचं व्याख्यान दिलं. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, मंद. पाणी अगदी निवळशंख. अकरा वाजून गेले की खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात, तेव्हा नाश्ता नंतर, पाणी आधी. मग भरतीची गोष्ट निघाली. किनाऱ्यावर त्याला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

हे ऐकून मागच्या सीटवरचे अकाउंट्सचे काका जागे झाले. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, गाव साताऱ्याकडे, पोहणं शून्य. पण पाऊणकी तोंडपाठ. गेल्या चाळीस वर्षांत त्यांना ती कुणी विचारली नव्हती. "उद्या अष्टमी," ते भर बसमध्ये गरजले, "आठ पाऊण सहा!"

पुढच्या सीटवर पेंगणाऱ्या सरांनी फक्त शेवटचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला, काळोखात, सर एकटे हाफ पँट घालून किनाऱ्यावर उभे होते. आम्ही सातला पोचलो. "वेळ पाळायची असते," एवढंच ते म्हणाले.

बोर्ड भाड्याचे होते आणि हवेचे होते. सायकलच्या पंपाच्या थोरल्या भावाने त्यात 15 पीएसआय दाब भरायचा. मोटारीच्या टायरला याच्या दुप्पट लागतो, हे मी सांगितल्यावर रोज जिमला जाणारा आमचा टेस्टिंगवाला हसला आणि पुढे आला. पहिले 7 पीएसआय त्याने बोलत बोलत भरले. पुढचे तीन न बोलता. उरलेले भाड्यावाल्याच्या किडकिडीत पोराने भरले, तेही एका हाताने, दुसऱ्या हातात फोन धरून.

मग बोर्डची दोरी घोट्याला बांधायची वेळ आली. माणूस पडला तरी बोर्ड लांब जाऊ नये म्हणून ती असते. "म्हणजे नोटीस पीरियडच," मागून कुणीतरी म्हणालं. एचआरच्या मॅडमनी मान वळवून आवाज ओळखायचा प्रयत्न केला, पण लाइफ जॅकेटात सगळे सारखेच दिसतात.

खरा पेच वल्ह्याचा. त्याचं पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं आणि तो बाक पुढच्या दिशेला ठेवायचा असतो. अक्कल सांगते, उलट हवं. भातवाढी कशी आपल्याकडे वळलेली असते, तसं धरलं तर पाणी नीट ओढलं जाईल. पण तसं धरलं की पातं शेवटी पाणी वर उचलत बसतं आणि बोर्ड जागचा हलत नाही. जगातला प्रत्येक नवशिका वल्हं उलटंच धरतो. सरांनीही धरलं. मी हळूच म्हटलं, "सर, फिरवायला हवं." सर म्हणाले, "मला असंच बरं पडतं." हे ऐकताक्षणी ज्या दोघांनी वल्ही सुलट धरली होती, त्यांनी ती फिरवून घेतली.

अशी आमची अकरा उलटी वल्ही समुद्रात उतरली. आधी गुडघ्यांवर बसायचं, तोल सापडला की एकेक पाय टेकवत उठायचं, गुडघे सैल, नजर क्षितिजावर. पायांकडे पाहिलंत की पडलात. पण आमची सगळ्यांची मान गेली दहा वर्षं फोनकडे वाकलेली. एक एक जण उठे, पायांकडे पाही आणि जाई. पडतानाही बोर्डपासून दूर, पाठीवर पसरट पडा, असं मी बजावलं होतं. प्रत्यक्षात माणसं बसस्टॉपवर बस चुकल्यासारखी हात वर करून पडत होती. सर मात्र उभे राहिले आणि टिकले. जराही पुढे न जाता, पंधरा मिनिटं, हाती उलटं वल्हं, कंबरभर पाण्यावर. त्या पंधरा मिनिटांत आमचे दोन इंजिनिअर बोर्डांवर मांड्या घालून पात्याचा कोन असा का, यावर वाद घालत होते. एकाने वाळूत आकृती काढू म्हटलं, म्हणून दोघे किनाऱ्यावर गेले ते परत आलेच नाहीत.

या सगळ्यात काकांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. "काका, तुम्ही उठू नका, काही करू नका, नुसते बसा," असं मीच सांगितलं होतं आणि वरून आलेली सूचना काका शब्दशः पाळतात. भरती सहाला भरली, म्हणजे तिथून ओहोटी. आम्ही होतो त्या बाजूलाच कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटीबरोबर तिचंही पाणी बाहेर निघतं. वर मतलई वारा, तोही बाहेर. हे सगळं मी आदल्या रात्री बसमध्ये वेगवेगळं, सोदाहरण सांगितलं होतं. एकत्र मांडून बेरीज तेवढी केली नव्हती.

मान वर केली तेव्हा काका नारिंगी ठिपक्याएवढे झाले होते.

मी निघालो. जाताना वारा पाठीशी, त्यामुळे गोव्यानंतर पहिल्यांदाच मी ऐटीत उभा होतो. जवळ पोचलो तर काका मांडी घालून, वल्हं मांडीवर आडवं ठेवून, टेबलामागे बसावं तसे बसलेले.

"ये, बैस," ते म्हणाले. "अरे, इथं कुणाचाच आवाज येत नाही."

"काका, आपण वाहत चाललोय."

"ते दिसतंय मला. पण किती छान चाललोय."

परतीला उभं राहिलं की अंगाचं शीड होतं आणि वारा मागे लोटतो. म्हणून मी गुडघ्यांवर बसलो, त्यांची दोरी माझ्या बोर्डला बांधली आणि वल्हवू लागलो. दहा मिनिटांनी किनारा होता तिथेच होता. काका मागून धीर देत होते, मधूनच पावणेदोनाचा पाढा म्हणत होते. तेवढ्यात इंजिनाची फटफट ऐकू आली. जाळी उचलून मामाची होडी घराकडे वळली होती.

मामा बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही. जाळ्यांचा ढीग पायाने बाजूला सारून त्याने फळकुटावर एका माणसापुरती जागा केली.

मी गुमान चढलो. काका चढेनात. "मला इथंच बरं पडतं," ते म्हणाले, अगदी सरांच्या सुरात. मग मामाने त्यांचा बोर्ड दोरखंडाने होडीमागे बांधला आणि होडी अगदी सावकाश सोडली. मी बांगड्यांच्या टोपलीशेजारी बसून मागे बघत होतो. काका आधी एका गुडघ्यावर आले. मग दोन्ही हात दोरखंडावर घट्ट धरून, नजर थेट किनाऱ्यावर ठेवून, उभे राहिले. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. सरांनी वल्हं उंचावून मानवंदना दिली. वल्हं आताही उलटंच होतं.

मामाने भाचा म्हणून सवलत दिली नाही, तीनशे रुपये घेतले. पुण्याला परतल्यावर मी ते खर्चाच्या फॉर्मात लावले. तिसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. वर अकाउंट्सचा शिक्का, खाली हिरव्या शाईत काकांचं वळणदार अक्षर: 'होडीने प्रवास 1 व्यक्ती. मंजूर कार्यक्रमात होडी नाही. पावती जोडावी.'