गॅपनंतर कॉलेजात परतण्याची शास्त्रोक्त पद्धत

कागदोपत्री पाहिलं तर परतणं फार सोपं आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडून पुन्हा आत येण्याची रीतसर सोय केली आहे. मिळवलेली क्रेडिट्स अ‍ॅकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत शाबूत राहतात. खातं आहे, शिल्लक आहे, फक्त ती कॉलेजच्या खिडकीवर वटत नाही. तिथे अजून मार्कशीटची झेरॉक्स चालते. तीन संच न्यावेत. चौथा मागतील.

प्रवेशाचा खरा गाभा म्हणजे गॅप सर्टिफिकेट. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो: सदर कालावधीत मी इतर कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही, तसेच कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो. म्हणजे तुम्ही काय केलं नाही, याची सविस्तर नोंद होते. काय केलं, त्यासाठी एकच ओळ मोकळी असते. इथे नवखे विद्यार्थी फसतात आणि खरं सांगू लागतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरमागे दोन वर्षं गेली, मग वडिलांचं दुकान सांभाळलं, मधल्या काळात सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. टायपिस्ट हे शांतपणे ऐकून घेतो आणि 'घरगुती अडचणीमुळे' असं टाइप करतो. त्याच्याशी वाद घालू नये. त्या दोन शब्दांत आख्ख्या महाराष्ट्राचं दुःख बसतं, आणि क्लार्कला पुढचा प्रश्न सुचत नाही. (लग्नकार्यात आत्याबाईंना मात्र हे उत्तर पुरत नाही. त्यांच्या ताटात जिलबी वाढून पुढच्या पंगतीकडे सरकावं.)

मग पॅटर्न. तुम्ही गेलात आणि अभ्यासक्रम बदलला, हा योगायोग नसून नियम आहे. तुम्ही पास झालेला पेपर आता अस्तित्वात नसतो आणि जो आहे त्यात तुम्ही बसलेला नसता. समकक्ष विषय कोणता, हे विभागप्रमुखांना विचारावं. ते ऑफिसात पाठवतील, ऑफिस विद्यापीठात पाठवेल आणि विद्यापीठ विचारेल, विभागप्रमुखांचं पत्र कुठंय? या फेऱ्यांसाठी लोकलचा पास काढून ठेवावा. खुल्या गटातल्यांनी पंचविशीच्या आत परतावं हे उत्तम, कारण विद्यार्थी सवलत तिथे संपते.

वर्गात पहिल्याच दिवशी तुम्ही 'दादा' किंवा 'ताई' व्हाल. हे पद नाकारू नये. त्याबरोबर शेवटचा बाक, गॅदरिंगची वर्गणी गोळा करण्याचं काम आणि कुणाचंही प्रेमप्रकरण ऐकून घेण्याची जबाबदारी आपोआप येते. मोबदल्यात नोट्स मिळतात. ७५ टक्के हजेरीचा नियम तुम्हालाही लागू आहे. वयाची सूट नाही.

एक प्रसंग आधीच घोकून ठेवावा. एस.वाय.नंतर तीन वर्षं गेली असतील, तर तेवढ्यात तुमच्या बाकावरचा मित्र टी.वाय. आणि एम.ए. उरकून, सेट पास होऊन, तुम्हालाच शिकवायला उभा असू शकतो. हजेरी घेताना तुमच्या नावावर तो क्षणभर अडखळेल. तुम्ही खणखणीत 'येस सर' म्हणावं. वर्गाबाहेर पाठीत धपाटा घालायला हरकत नाही. टपरीवरच्या चहाचे पैसे मात्र तुम्हीच द्या. तो तासिका तत्त्वावर आहे. त्याचं मानधन अजून व्हायचंय.