2300 तासांची उधारी

हॅरो, लंडन
रविवार, सकाळ

ती. आईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "तिचं ते नर्सिंग अजून संपलं नाही? कोर्सच आहे ना तो?" तेव्हा मी विषय बदलला, कारण स्पीकर चालू होता आणि तुझी सून भाजी चिरता चिरता मनगटातल्या हाडांची नावं घोकत होती. आता ती रात्रपाळीहून परत यायची आहे, मुलं झोपलीत, तेव्हा सविस्तर लिहितो.

म्हणायला तीन वर्षांचं शिक्षण. पण इथे नर्सची नोंदणी करणारं कौन्सिल वर्षं मोजत नाही, तास मोजतं. एकूण 4600. त्यातले 2300 अभ्यासाचे आणि 2300 प्रत्यक्ष रुग्णांजवळचे. अभ्यासाचं मला काही वाटत नाही, निदान बाई घरात दिसते. रुग्णांजवळचे तास मात्र वाण्याच्या उधारीसारखे आहेत. दिवसाची पाळी सकाळी साडेसातला सुरू होते ती रात्री आठला संपते. जेवणखाण वजा जाता हिच्या खात्यावर साडेअकरा तास पडतात. मी भागाकार करून पाहिला, बरोब्बर 200 पाळ्या! प्रत्येक पाळीखाली तिथल्या नर्सची सही हवी. एक दिवस ताप आला की तेवढे तास पुन्हा डोक्यावर उभे. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ही एका म्हातारबाबांना भरवत होती आणि मी इकडे युट्यूबवर आरती लावून लक्ष्मीची समजूत काढत होतो. पगाराचं म्हणशील तर शून्य, उलट फी आपणच भरायची. सरकार वर्षाला 5000 पौंड मदत देतं, ते बसच्या तिकिटात आणि कॉफीत कधी विरघळतात कळत नाही.

1860 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं याच शहरात, सेंट थॉमस रुग्णालयात, शाळा काढली तेव्हा मुली एका वर्षात शिकून तयार व्हायच्या. ही माहिती मी हिला मोठ्या उत्साहानं दिली. "तेव्हा पेनिसिलिन नव्हतं," ही म्हणाली आणि माझ्यापुढे औषधांची गणितं टाकली. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचंय, एका मिलिलिटरचे थेंब 20, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर 42. मी 24 काढले. या पेपरात शेवटच्या वर्षी शंभरपैकी शंभरच लागतात, नव्व्याण्णवला नापास. आम्ही इंजिनिअरिंगला चाळीसवर पास झालो आणि पूल बांधले. (मी नाही, माझ्या मित्रांनी. कुठले ते तुला फोनवर सांगेन, तिकडून जाऊ नकोस.)

एका विषयात मात्र आपली आजी पहिल्या झटक्यात पास झाली असती. जखमेची पट्टी बदलायची तर आधी हात धुवायचे, तेही चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठा वेगळा चोळून. मग निर्जंतुक कागद पसरायचा आणि त्यावरच्या कशालाही नुसता हात लागला की सगळं बाद, पुन्हा पहिल्यापासून. हेच ना ते सोवळं! फक्त आजी ओरडायची, इथल्या बाई हसून "परत करू या हं" म्हणतात, ते जास्त लागतं. कोपराच्या खाली अंगावर काही नको, फार तर एक साधी अंगठी. गळ्यातही काही लोंबतं नको. त्यामुळे तू दिलेल्या पाटल्या कपाटात, मंगळसूत्र देव्हाऱ्यात. घड्याळसुद्धा मनगटावर नाही, छातीवर उलटं टांगलेलं. शेजारच्या गुजराती काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना?

आता माझी व्यथा. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ही शेजारी येऊन बसली आणि काही न बोलता माझा हात हातात घेतला. लग्नाला सोळा वर्षं झाली, आई. मी हळवा झालो, टीव्ही बंद केला, काहीतरी चांगलं बोलणार तोच ही म्हणाली, "सतरा." मिनिटाला श्वास किती, ते मोजत होती. माणसाला कळलं की तो श्वास बदलतो, म्हणून नाडी बघायचं सोंग करून मोजायचे असतात म्हणे! बारा ते वीस असले की शून्य गुण. त्यांच्या तक्त्यात शून्य सगळ्यांत चांगलं. श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध, सगळ्यात शून्य मिळवणारा ठणठणीत. आपल्या चिरंजीवांनी हे ऐकलं आणि फ्रेंचच्या चाचणीचा निकाल त्याच बैठकीत पुढे केला.

शिवाय हिला निबंध लिहावे लागतात, आपण काय चुकलो त्यावर. गिब्ज नावाच्या गृहस्थांनी 1988 मध्ये त्याच्या सहा पायऱ्या घालून दिल्यात. काय घडलं, काय वाटलं, बरं काय, वाईट काय, असं करत करत पुढच्या वेळी काय करणार इथपर्यंत. मंगळवारी माझं वरण करपलं तर मला उभं करून सहाही पायऱ्या चढवल्या. "काय वाटलं?" या पायरीवर मी "भूक" म्हणालो, ते चाललं नाही.

पण कष्ट आहेत गं. पहिल्या आठवड्यात एक नव्वदीची आजी हिला म्हणाली, "मला एक पेनी खर्च करायचीय." ही भाबडी, पर्समध्ये सुटे शोधू लागली. पूर्वी इथे सार्वजनिक संडासाला एक पेनी पडायची, म्हणून जुनी माणसं तसं म्हणतात. ते कळेपर्यंत उशीर झाला होता. चादर हिनंच बदलली, आजींना पुसून कोरडं केलं, आणि दोघी इतक्या हसल्या म्हणे की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तक्रार केली. त्या आजी मग हिच्याशिवाय कुणाकडून वेणी घालून घेईनात. वेणीचे तास वेगळे लिहीत नाहीत, मी विचारलं.

दाराचा आवाज झाला, आली वाटतं.

आलीच. बूट दारात, डबा तसाच भरलेला. सोफ्यावर शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. या वेळी मी शहाणा, लगेच एकसारखा श्वास घेऊ लागलो, म्हटलं शून्य तरी मिळू दे. बराच वेळ आकडा येईना म्हणून बघितलं तर बसल्या बसल्या झोपलीय. हात उजवा आहे आणि तो सोडवला तर जागी होईल, म्हणून इथून पुढचं अक्षर डाव्या हाताचं. लागलं तर बाबांकडून वाचून घे. अजून 61 पाळ्या राहिल्यात. मेतकूट संपलंय, कोणी येत असेल तर पाठव.

तुझा,
बाळू