आरमारकाका

संग्राहकांच्या दोन जाती. ज्याच्याकडे हजार वस्तू असतात तो सहसा बोलत नाही. ज्याच्याकडे एकच असते तो थांबत नाही. आमचे आरमारकाका दुसऱ्या जातीचे.

सोलापूरच्या मंगळवार बाजारात, रद्दीतल्या एका पुस्तकात त्यांना सिगारेटच्या पाकिटातलं जुनं कार्ड मिळालं. जेमतेम अडीच इंच लांब, त्यावर २० ऑक्टोबर १८२७ ची नवारिनोची लढाई. एका बाजूला इंग्रज, फ्रेंच, रशियन, दुसऱ्या बाजूला तुर्क आणि इजिप्शियन, मधे धूर. ही कार्डं मुळात पाकीट चेपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा, चित्रं नंतर आली. १९४० साली कागदाच्या टंचाईपायी इंग्लंडात ती बंद पडली, हे सांगताना काकांचा आवाज सुतक लागल्यासारखा होतो. स्वतः मात्र ते विड्यांच्या गावात जन्म काढूनही विडीला शिवलेले नाहीत.

त्यांच्याकडे जेवायला जाऊ नये. ताटातल्या कडक भाकरीचे तुकडे घोड्याच्या नालासारखे मांडले जातात; ते तुर्कांचं आरमार. शेंगाचटणी म्हणजे दारूगोळा.

"खायचंय का लढायचंय ते एकदा ठरवा," काकू म्हणतात.

काका मधला मोठा तुकडा पुढे सरकवतात. "हे 'एशिया'. ८४ तोफा. सेनापती कॉड्रिंग्टनचं जहाज. बांधलं कुठं?"

उत्तर अख्ख्या गल्लीला पाठ आहे. मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानात. १८२४ साली पाण्यात सोडलं. ग्रीसला स्वातंत्र्य मिळायला ही लढाई फार उपयोगी पडली, हे इतिहासही मान्य करतो. काकांच्या मते ते स्वातंत्र्य मुंबई इलाख्यानं दिलं, आणि सोलापूर तेव्हा कुठल्या इलाख्यात होतं, हे ते तुम्हालाच विचारतात.

"मागची डोलकाठी तुटली की ओ! आपल्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज मोडल्यागत. तरी जहाज हललं नाही."

हलणार कसं? या लढाईत बहुतेक जहाजं नांगर टाकूनच एकमेकांवर तोफा डागत होती. काकांना ती आवडते त्याचं खरं कारण मला हेच वाटतं. समुद्र त्यांनी एकदाच, चौपाटीवर पाहिला आणि "फार हलतो" म्हणून नापास केला. बसल्या जागी जिंकता येतं, हे मात्र मनापासून पटलं.

दुःख एकच, कॉड्रिंग्टनचं. शत्रूच्या आरमाराची राख केली, दोस्तांचं एकही जहाज बुडू दिलं नाही आणि पुढच्याच वर्षी सरकारनं त्याला परत बोलावलं. गिरणीच्या स्टोअरमध्ये हयात घालवलेल्या काकांना हे फार लागतं. "काम करणाऱ्याचीच बदली होते ओ. साहेब सगळीकडं सारखेच."

परवा पुण्याहून एका संग्राहकाचा फोन आला. कार्ड विकत हवं होतं.

"पूर्ण संच नाही का तुमच्याकडे? सुटं एकच?"

"बाकीची घेऊन काय करू? त्यात आपलं जहाज कुठाय?" असं म्हणून काकांनी भाकरी नसतानाही तुर्कांचं आरमार मांडायला घेतलं. कॉड्रिंग्टन खाडीच्या तोंडाशी पोहोचतोय तोच पलीकडून फोन कट झाला.

"पळाला," काका म्हणाले, "नांगरसुद्धा टाकला नाही."