कलमातले गिऱ्हाईक
मृत्युकराचा 1953 चा कायदा आपल्या 36 व्या कलमात असे फर्मावीत असे की, मयताची मिळकत त्याच्या निधनसमयी खुल्या बाजारात विकली असती तर कंट्रोलरसाहेबांच्या मते जी किंमत आली असती, तीच तिची किंमत. आणि सगळी मिळकत एकदम बाजारात मांडल्याने भाव पडेल, ही सबब वारसाने सांगू नये. आता या बाजारात मांडावयाचे काय, तर ज्याच्या माडीवर 1947 च्या भाडेकायद्याने अढळपद पावलेले भाडेकरू नांदत आहेत असा, तुळयांना वाळवी लागलेला चौसोपी वाडा, आणि 1948 च्या कुळकायद्याच्या 63 व्या कलमान्वये कलेक्टरांच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्यास विकताच येत नाही अशी विहिरीखालची जमीन! गिऱ्हाईक काल्पनिक, सौदा काल्पनिक, भरणा तेवढा रोख. (ते काल्पनिक गिऱ्हाईक सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून नोंदलेले होते की नव्हते, याची शहानिशा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.) पुढे 1985 साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी, सुमारे 20 कोटींचे उत्पन्न आणि त्यामानाने जड वसुलीखर्च पाहून, हा कर मोडीत काढला. तोवर कर भागविण्यासाठी ज्यांनी वाडे खरोखरच विकावयास काढले, त्यांच्या दिंडीदरवाजाशी दलाल पुष्कळ आले. साहेबांच्या मतातले ते उदार गिऱ्हाईक तेवढे फिरकले नाही.